मीठ सोडलेला माणूस

मालन, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मी मीठ सोडलं नव्हतं. सुरुवातीचे काही दिवस पाळलं असेल, ते धरू नको.

तुझ्यासमोर बसून तुझ्याच पातेल्यातली अळणी भाजी मी खात होतो, तेवढं खरं. पण त्याच्या आधी किंवा नंतर, कधी दोन्ही वेळा, मी बाहेर खायचो. घोडनदीच्या एसटी स्टँडवर, रांजणगावला कंपनीच्या गेटबाहेरच्या गाड्यावर, पुण्याला तुला डायलिसिसच्या मशीनवर लावलं की दवाखान्यासमोरच्या हॉटेलात. तू आत चार तास हात न हलवता पडून असायचीस. मी बाहेर पोहे, मग मिसळ, मग जिलेबी, असं खात असायचो. परत येताना तुझ्यासाठी बर्फाचा एक खडा आणायचो. पाणी मोजून प्यायचं होतं ना तुला, तो चघळला की तुला बरं वाटायचं. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणायची, "नवरा असावा तर असा."

शब्द कसा दिला गेला ते तुला आठवत असेल. पुण्याच्या दवाखान्यात किडनीचं सगळं समजावून सांगितलं, मीठ बंद, दाणे बंद, डाळ जपून, पाणी मोजून, आणि आपण घरी आलो. दौंडहून तुझे दादा सोबत आले होते. तू स्वतःच उठून दोडका केलास, बिनमिठाचा. पहिला घास तोंडात घातलास आणि म्हणालीस, "दादा, माती खाल्ल्यावानी लागतंय." आम्हाला वाईट वाटू नये म्हणून हसलीस. हसता हसता तुझा घास तसाच राहिला.

मिठाची बरणी माझ्यापुढं होती. मी ती बाजूला सारली. म्हणालो, "तू अळणी खातीस तवर मीही अळणीच."

मनापासून म्हणालो होतो. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याकडं आजारी माणसापायी कुणी चपला सोडतं, कुणी चहा सोडतं, कुणी मटण. मीठ म्हणजे फार मोठी गोष्ट. दुसऱ्या दिवसापर्यंत दौंडच्या रेल्वे कॉलनीत आणि आपल्या आळीत सगळ्यांना कळलं होतं, आणि त्यानंतर लोक माझ्याशी जरा आवाज उतरवून बोलायला लागले. मला ते आवडलं. हेही कधी बोललो नाही.

मोडलं कसं, तेही सांगतो. पहिली पाळी संपवून कंपनीच्या बसनं स्टँडवर उतरलो होतो. घर दहा मिनिटांवर. घरी काय आहे ते मला माहीत होतं: सुजलेले पाय उशीवर ठेवून तू बसलेली असणार, पाण्याचा तांब्या झाकलेला असणार, आणि मी आल्याबरोबर तू म्हणणार, "आज बरं वाटतंय." पाय पुढं जाईनात. गाड्यावर वडे तळत होते. एक घेतला. मग अजून एक. मग भजी.

भूक नव्हती, मालन. हे मला नीट सांगायचंय. जिभेचे चोचले असते तर मी स्वतःला शिव्या घालून थांबलो असतो. मला चव कळायचीच नाही. गरम वडा तोंड भाजत आत जायचा आणि तेवढा वेळ डोक्यात काही नसायचं. घास संपला की परत तुझे पाय दिसायचे. म्हणून पुढचा घास. उभ्या उभ्या, गिऱ्हाइकांकडं पाठ करून, कुणी ओळखीचं दिसलं की कागद खिशात कोंबून. मग स्टँडच्या नळावर तोंड धुवायचं, बडीशेप चावायची आणि घरी येऊन तुझ्यासोबत परत जेवायला बसायचं. "अजून थोडी घ्या की," तू म्हणायचीस. मी घ्यायचो.

तू वाळत चाललीस आणि मी सुटत चाललो. एकदा मी शर्ट घालत असताना तू खाटेवरून बघत होतीस.

"अळणी लई मानवलंय तुम्हाला," म्हणालीस. "पट्ट्याचं शेवटचं भोक आलं."

"कंपनीत बसून काम झालंय आता."

"व्हय. मग खुर्चीच खाताय वाटतं."

दोघंही हसलो. मी पाठ फिरवून शर्टाची बटणं लावली.

आणि संध्याकाळचं ते तुझं विचारणं. "आज कॅन्टीनला काय व्हतं?" मी सांगायचो, लोक मिसळ खात होते. तू डोळे मिटायचीस. "कट कसा व्हता? लाल का नुस्ता तेलकट?" मी सांगायचो. फरसाण मऊ पडलं होतं का, लिंबू पिळलं होतं का, मटकीला मोड किती होते, सगळं. दुसऱ्याला खाताना बघून कुणाला इतकं सांगता येत नाही. दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर तिथंच ओळखलं असतं. तू मात्र ऐकत राहायचीस आणि शेवटी म्हणायचीस, "बास. पोट भरलं." त्या दोन वर्षांत आपण एवढंच एक सुखाचं बोललो असू. त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे. तुला वाटायचं मी तुझ्यासारखाच लांबून बघतोय, म्हणून आपण एका बाजूला होतो. मी त्या बाजूला नव्हतो, पण ती बाजू मला हवी होती.

तुझ्या डाव्या हाताला डॉक्टरांनी शिरा जोडून फिस्टुला केला होता. मशीनच्या सुया तिथं टोचायच्या. मनगटाच्या वर बोटं ठेवली की आत घरघर जाणवायची, एखादी मधमाशी अडकून पडावी तशी. ती घरघर आहे तवर हात चालू. त्या हातानं वजन उचलायचं नाही, बांगडी घालायची नाही, त्या कुशीवर निजायचं नाही. ह्या बाबतीत मी कडक होतो. पाणी मी भरायचो, धुणं मी धुवायचो. रोज सकाळी चहाच्या आधी मी बोटं ठेवायचो.

"लागली का गिरणी?" तू विचारायचीस.

"चालूय."

"मग आणा दळण."

आता आपल्या मिक्सरच्या भांडणावर येतो. तू भिशीच्या पैशातून मिक्सर आणलास त्या दिवसापासून आपलं भांडण होतं. मी म्हणायचो, मिक्सरमधली शेंगदाण्याची चटणी म्हणजे भुसा. चटणी खावी तर उखळात कुटलेली, तेल सुटलेली. तू म्हणायचीस, "मग कुटा की तुम्ही. मुसळ काय पळून गेलंय?" मी कधी कुटली नाही. पण मिक्सरची चटणी पानात आली की नाक मुरडायचं सोडलंही नाही. पाहुण्यांसमोरसुद्धा बोलायचो. नवरा-बायकोत अशी दोन-चार भांडणं असतात, त्यांना शेवट नको असतो. ह्याला असा शेवट येईल हे मला कुठून कळणार?

एका दिवशी कॅन्टीनमध्ये माझी मिसळ खाऊन झाली होती. मग सवयीनं डबा उघडला. भाकरी उचलली तर खाली प्लॅस्टिकच्या कागदात दोऱ्यानं बांधलेली पुडी. लाल, तेलानं माखलेली. दाणे अर्धवट फुटलेले. लसूण-मिरचीचा वास आला आणि मला सगळं कळलं. तुला वाटलं असणार, माझ्यापायी हा माणूस अळणी खातोय, ह्याच्या तोंडाला चव राहिली नाही, म्हणून तू मी कामावर असताना उखळ ओढून काढलंस, चटणी कुटलीस, आणि मिक्सर घरात असताना मुसळानं कुटलीस, कारण मला तशीच लागते.

तुझ्या हाताचा विचार त्या क्षणी मला आला नाही. पोटात जागा नव्हती एवढंच मला समजत होतं. शेजारी बिहारचा एक फिटर बसायचा. त्यानं विचारलं, "भाभी के हाथ की है? थोड़ा दो ना, भाई साब." मी सगळी पुडी त्याच्या भातावर पालथी केली. तो बोटं चाटत म्हणाला, "आप तो खाए ही नहीं."

संध्याकाळी तू दारातच होतीस. चेहऱ्यावर चोरी.

"डब्यात काय गावलं का?"

इथं मी जे बोललो ते तसंच लिहितो. मी म्हणालो, "गावलं. पण मी खाल्ली नाही. मी शब्द दिलाय, मालन. परत असलं करू नको." स्टँडवरचा वडा अजून माझ्या घशात होता.

तू खाली बघितलंस. पण मला दिसलं, तुला बरं वाटलं होतं. "लई हट्टी माणूस," असं तू अभिमानानं म्हणालीस. "मग उरलेली ठिवते डब्यात. मला उतार पडला की दोघं मिळून खाऊ."

पुढच्या एका सकाळी बोटं ठेवली तर आत काही नव्हतं. मी बोटं वर सरकवली, खाली सरकवली. दुसऱ्या हाताची लावून बघितली.

"बंद पडली का?" तू विचारलंस.

चहा तसाच राहिला. बूथवरून दादांना फोन केला, ते दौंडहून परस्पर पुण्याला आले. डॉक्टरांनी हात तपासला आणि विचारलं, "ह्या हातावर जोर दिला होता का? काही उचललं, कुटलं?" तू जमिनीकडं बघून मान हलवलीस, नाही. डॉक्टर म्हणाले, बीपी खाली गेलं तरी असं होतं, आपोआपही बंद पडतो, नक्की सांगता येत नाही. त्या "सांगता येत नाही"ला मी अजून धरून आहे. पण उजवा हात भरून आला असणार आणि तू मुसळ डाव्या हातात घेतलं असणार, हे मला दिसतं. तू कुटताना नेहमी हात बदलायचीस. लग्न झाल्यापासून बघतोय.

हात पुन्हा चालू झाला नाही. मशीनसाठी मानेत नळी घातली आणि आपण घोडनदीला घरी परत आलो. दादा सोडायला आले होते. पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि चटणीचा डबा हातात घेऊनच बाहेर आले.

"मालन, हे काय हाय?"

दादांनी झाकण काढून डबा तुझ्यापुढं धरला.

"उखळ बाहेर काढल्यालं, मुसळ भिताडाला. दाणं बंद, मीठ बंद, आन् तू चोरून चटणी कुटतीस? ह्या माणसानं तुझ्यापायी मीठ सोडलं आन् तुला जीभ आवरंना?"

तू खाटेवर बसली होतीस. मानेला पट्टी. तू माझ्याकडं बघितलंस. मी पिशवी घेऊन दारात उभा होतो. मग तू म्हणालीस, "चुकलं, दादा."

मला एक वाक्य बोलायचं होतं. दादा, ती तिनं माझ्यासाठी कुटली. एवढं बोलूनही माझं सोंग टिकलं असतं, कारण मी ती खाल्ली नव्हतीच. तरी बोललो नाही. कारण मग हात बंद पडला तो माझ्यापायी, हे त्या खोलीत मोठ्यानं बोललं गेलं असतं. ते मला ऐकवलं नसतं. मी पिशवी खाली ठेवली आणि तुझ्या गोळ्या काढायला लागलो. दादांनी डबा मोरीत पालथा केला.

तू का बोलली नाहीस, ह्याचा मी खूप विचार केला. लोक म्हणतील, नवऱ्याचं नाव राखलं. मला तसं वाटत नाही. तू माझ्याकडं बघितलंस, ते मी बोलावं म्हणून. तू वाट बघितलीस. मी बोलत नाही म्हटल्यावर तू तुझ्या अंगावर घेतलंस, जसं घरातलं उरलंसुरलं तू कायम घ्यायचीस.

त्यानंतर तू दौंडला गेलीस. रेल्वेनं पुण्याला जाणं एसटीच्या धक्क्यांपेक्षा बरं, असं दादा म्हणाले आणि ते बरोबरच होतं. मी सुट्टीच्या दिवशी यायचो, कधी पाळी बदलून यायचो. एका दुपारी वहिनी पानं वाढत होत्या. माझ्यासाठी वेगळ्या वाटीत अळणी. तू उशीला टेकून म्हणालीस, "वहिनी, ह्यास्नी मीठ वाढा."

वहिनींनी दादांकडं बघितलं.

"आता बास झालं. माझ्यादेखत खावा. मला बघायचंय."

मी ताटावर हात आडवा धरला. "तू बरी झाल्यावर," म्हणालो. दादा मान हलवत वहिनींना म्हणाले, "मोडायचं न्हाईत ते." तू हळू म्हणालीस, मला एकट्याला ऐकू जाईल असं, "मी कुटलेली तर खाल्लीच न्हाई," आणि भिंतीकडं तोंड केलंस.

मी ते अळणी जेवलो. मग कंपनीत फोन करायचाय असं सांगून स्टेशनवर गेलो. फलाटावर आम्लेट-पाव खाल्ला, परत एक मागवला. गाडी आली, लोक चढले, उतरले, मी खात होतो. परत आलो तर तुझा डोळा लागला होता. उठवायला हवं होतं. त्याच्या पुढचे दिवस तापाचे. मग तू कुणालाच नीट ओळखेनास. मी स्टेशनवर असताना तू मला हाक मारली होतीस का, हे मी वहिनींना अजून विचारलेलं नाही. विचारायला भीती वाटते.

तू गेल्यावर शेजारपाजारच्यांनी पिठलं-भाकरी आणली, रीतीप्रमाणं. त्यातही माझ्यासाठी एक वाटी वेगळी, बिनमिठाची. दहाव्यालासुद्धा आचाऱ्याला सांगून वेगळं पातेलं. दुःखापेक्षा मला त्या पातेल्याचीच जास्त धास्ती वाटत होती. तेराव्याला गोड जेवणाच्या पंगतीत सगळी बसल्यावर दादा उठले. हातात मिठाची वाटी. म्हणाले, "आमच्या बहिणीपायी ह्या माणसानं मीठ सोडलं. आज आम्ही त्यांना सोडवतो." आणि वाकून माझ्या पानात डावीकडं चिमूटभर मीठ वाढलं. माझ्या डोक्यावर टोपी घातली, पाया पडले. वयानं मोठा माणूस, मालन. माझ्या पाया पडला. पलीकडं बायकांच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, "तिनं जिभेला आवर घातला आस्ता तर आज आसती." कुणी "नाही" म्हणालं नाही. मी मिठाला बोट लावलं आणि जेवलो.

घरात आता मी एकटा असतो. दुपारच्या पाळीला जायच्या आधी घर फार मोठं वाटतं. तू असताना मला त्या घरातून पळावंसं वाटायचं, आता कुणीच धरून ठेवत नाही तरी पाय बाहेर पडत नाहीत. काल बसमधून उतरलो आणि स्टँडवर खाल्लं. हो, अजून खातो. तुझा आजार संपला, माझं हे संपलं नाही. आता लपवायला कुणी नाही, तरी नळावर तोंड धुतलं, बडीशेप चावली. दाराशी आलो तेव्हा कुलूप बघून लक्षात आलं.

लग्नानंतर आपण त्या एका खोलीत राहायचो, तेव्हा मी कितीही उशिरा आलो तरी तू जेवायची थांबलेली असायचीस. मी रागवायचो. तू म्हणायचीस, "एकट्यानं घास उतरत न्हाई मला." मला ते तेव्हा उगाच वाटायचं. त्या सगळ्या थांबण्याबद्दल मी कधी "बरं केलंस" असंही म्हणालो नाही.

गेल्या रविवारी आपली लेक शुभी तळेगावहून आली होती. भाजी, भाकरी, वरण सगळं करून आणलं होतं. मला वाढलं आणि विचारलं, "अप्पा, मीठ बरोबर पडलंय का?" मी म्हणालो, बरोबर आहे. मग ती भांडी घासत होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "मी आईवर लई चिडले होते. तुम्ही तिच्यासाठी एवढं केलं, आन् तिला एक चटणी सोडवली न्हाई. पण आता मनातनं काढलं मी. माफ केलं तिला."

मी म्हणालो, "शुभे."

तिनं नळ बंद केला. "काय?"

"जीप चुकेल तुझी," मी म्हणालो.

ती गेली. पोरीनं तुला माफ केलंय, मालन, तुझी चूक नसताना. आणि माझ्यासाठी ती डबा ठेवून गेली.

हे लिहिलं म्हणून सांगून झालं असं मी धरत नाही. कागदाकडं बघून बोलायला कुणाची छाती लागत नाही. दादांना आणि शुभीला समोर बसवून मला तोंडानं सांगायचं आहे की ती चटणी तू माझ्यासाठी कुटलीस, मी तेव्हा रोज मीठ खात होतो, आणि तुझ्यावर बोल आला तेव्हा मी दारात गप्प उभा होतो. एवढं मी तुझं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.